मॅक्सिमम लाइकलीहूड डोक्यावरून चाललंय, कोणीतरी इस्कटून सांगा की

रंकाळ्याकाठची:

नमस्कार. बीएस्सी थर्ड इयर, स्टॅटिस्टिक्स, इथं कोल्हापुरातच. पुढच्या आठवड्यात इंटर्नल आहे आणि ह्या मॅक्सिमम लाइकलीहूडचं माझं असं झालंय की करता येतंय पण कळत नाही. गणित दिलं की एल, म्हणजे लाइकलीहूड, लिहिते, लॉग घेते, डेरिव्हेटिव्ह काढून शून्याबरोबर मांडते, थीटाच्या, म्हणजे शोधायच्या अज्ञात किमतीच्या, डोक्यावर टोपी घालते, मार्कं पडतात. पण परवा धाकट्या भावानं विचारलं, तायडे हे तू शोधतीयास तरी काय, आणि मला एक वाक्य सरळ सांगता आलं नाही. तो अकरावीत आहे. त्याला सांगता येत नसेल तर मला तरी काय कळलंय मग.

घोडं कुठं अडलंय ते सांगते. प्रॉबेबिलिटी आणि लाइकलीहूड ह्यात फरक काय, फॉर्म्युला तर तोच लिहितो की आपण, अक्षरसुद्धा बदलत नाही, मग नाव दुसरं कशाला? वर्गात विचारलं तर "थीटाचं फंक्शन आहे ते" एवढं म्हणून पुढचं थिअरम सुरू. मग सगळ्यांचा गुणाकार का करायचा, आणि केला तर लगेच लॉग घेऊन त्याची बेरीज कशाला. नॉर्मल वितरणाच्या एका गणितात मी कॅल्क्युलेटरवर किमती घालून बघितल्या तर एल १ च्या वर गेला, संभाव्यता १ च्या वर कशी जाईल? आणि ते युनिफॉर्म शून्य ते थीटा, म्हणजे तेवढ्यातल्या सगळ्या किमतींना सारखीच संधी, तिथं डेरिव्हेटिव्ह चालतच नाही आणि उत्तर एकदम "सगळ्यात मोठं निरीक्षण" असं आकाशातनं पडतं.

पुस्तकातली व्याख्या चिकटवू नका प्लीज, ती पाठ आहे.

पेठेतला_पोरगा:

एवढं काय त्यात. डेटा बघून पीची, म्हणजे माहीत नसलेल्या प्रमाणाची, जी किंमत खरी असायची शक्यता सगळ्यात जास्त, ती एमएलई, मॅक्सिमम लाइकलीहूड एस्टिमेट. भावाला हेच सांग आणि झोप.

कटवाला:

पेठेतल्या भावा थांब जरा, तू जे लिहिलंयस ना नेमकी तीच चूक निम्मं जग करतं, मीपण दोन वर्षं तेच घोकत होतो. त्याच्याकडं येतो, आधी मिसळ.

मागच्या रविवारी सकाळी मिसळ खायला गेलेलो, गर्दी ही अशी, टेबल मिळेपर्यंत भिंतीला टेकून उभा, मग टाइमपास म्हणून मोजायला लागलो. समोरच्या दहा जणांतल्या सात जणांनी जादा कट मागून घेतला, तिघांनी नाही घेतला. आता समज की इथं जादा कट मागणाऱ्यांचं खरं प्रमाण पी आहे. हा पी कुणाला दिसत नाही, पाटीवर लिहिलेला नसतो, दिसतात ती फक्त माणसं आणि त्यांच्या वाट्या.

प्रॉबेबिलिटीवाला काय म्हणतो, पी ०.६ आहे हे मला आधीच ठाऊक आहे, मग दहांत सात दिसायची संभाव्यता किती, सहा दिसायची किती, दहाच्या दहा दिसायची किती. म्हणजे पी हा रोवलेला खुंटा आणि डेटा त्याच्याभोवती फिरतोय. लाइकलीहूडवाल्याचं उलटं. त्याचा डेटा होऊन गेलाय, सात जणांनी कट घेतला, ओरपला, हात धुऊन गेले पण, तो आता बदलायचा नाही. इथं डेटा खुंट्याला बांधलाय आणि फिरवायचाय तो पी. एकेका पीला समोर उभं करून विचारायचं, बाबा रे तू खरा असतास तर मला जे दिसलं ते दिसायची संभाव्यता किती आली असती?

फॉर्म्युला एकच आहे हे तुझं बरोबर आहे. पीचा सातवा घात गुणिले (१ − पी)चा तिसरा घात. पण कोण हलतंय ते बदललं की प्रश्न बदलला, म्हणून नाव वेगळं.

किमती घालूनच बघ. पी ०.५ धरला तर येतं ०.०००९८. ०.६ ला ०.००१७९. ०.७ ला ०.००२२२. ०.८ ला परत उतरून ०.००१६८, आणि ०.९ ला पार खाली ०.०००४८. हे ठिपके कागदावर मांडून जोडलेस की टेकडी दिसते आणि माथा ०.७ वर. बास, हाच एमएलई. दहांत सात, उत्तर ०.७, तुझा भाऊ म्हणेल हे तर मला न शिकता येत होतं, आणि बरोबर म्हणेल तो. मजा अशी की जिथं उत्तर असं डोळ्याला दिसत नाही तिथंपण हीच युक्ती चालते.

(कुणीतरी म्हणेल दहातले सात कुठले ते निवडायच्या १२० पद्धती आहेत, ते १२० कुठं गेलं. ते पीवर अवलंबून नाही, सगळ्या टेकडीला १२० नं गुणलंस तरी माथा तिथंच राहतो, म्हणून सोडून दिलं.)

आता पेठेतल्या भावाचं वाक्य. "डेटा दिल्यावर पी खरा असायची शक्यता" आणि "पी खरा असेल तर हा डेटा दिसायची शक्यता", ही दोन वेगळी जनावरं आहेत. पाऊस पडला तर रस्ता ओला असणार हे जवळजवळ नक्की. पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊसच पडला असं होतं का? पाण्याचा टँकर गळत गेला असेल, कुणी अंगणात सडा मारताना रस्त्यावर ओतलं असेल. एमएलई फक्त एवढंच म्हणतो की पाऊस पडला असता तर रस्ता असा दिसलाच असता. ऑगस्टमध्ये ते पटतं, एप्रिलमध्ये नाही, आणि एप्रिल आहे का ऑगस्ट हे लाइकलीहूडला कळत नाही. ते घालायचं तर बेयसच्या वाटेनं जावं लागतं, वेगळा विषय आहे.

गुणाकार का, तर दहा माणसं एकमेकांकडं न बघता आपापलं ठरवतात असं आपण धरलं म्हणून. एकाचं "हो" आणि दुसऱ्याचं "हो" आणि तिसऱ्याचं "नाही" हे सगळं एकत्र घडायची संभाव्यता म्हणजे गुणाकार, हे बारावीतलंच आहे. पण हे धरलेलं आहे हं, फुकट मिळालेलं नाही. खरं बघायला गेलं तर त्या सातांतले चार एकाच ग्रुपमधले होते, पहिल्यानं "मामा कट वाढवा" म्हटलं की बाकीच्या तिघांच्या वाट्या आपोआप पुढं. मग ते चार जण काय चार स्वतंत्र निरीक्षणं धरायची का? पेपरात "इंडिपेंडंट" हा शब्द वाचून आपण पुढं सरकतो ना, सगळा गोंधळ तिथं असतोय.

रंकाळ्याकाठची:

कटवाला दादा, खुंट्याचं वाक्य वहीत लिहून घेतलं. मग पी ०.७ असायची संभाव्यता ०.००२२२ आहे असं म्हणायचं नाही, बरोबर? मग तो ०.००२२२ आहे तरी कशाचा?

निवृत्त_मास्तर:

बाळ, अजिबात म्हणायचं नाही. तो आकडा दहा जणांचा तोच क्रम दिसण्याच्या संभाव्यतेचा आहे, पी ०.७ मानल्यावर. पीबद्दल तो आकडा एकटा काहीच बोलत नाही, दोन पींची तुलना करायला तो उपयोगी पडतो. ०.७ ची उंची ०.५ च्या उंचीच्या सव्वादोनपट आहे, एवढं म्हणता येतं.

हवं तर पडताळा घे. संभाव्यतेचा वक्र असता तर शून्यापासून एकपर्यंत त्याच्याखालचं क्षेत्रफळ १ भरायला हवं होतं. पीचा सातवा घात गुणिले (१ − पी)चा तिसरा घात ह्याचं इंटिग्रेशन कर, बीटा फंक्शन तुला शिकवलंय. ७! गुणिले ३! भागिले ११!, म्हणजे बरोबर १/१३२०. एक नाही, एकाच्या आसपासही नाही. तेव्हा ती संभाव्यतेची घनता नव्हे.

आणि हा घोळ तुझा एकटीचा आहे असं समजू नकोस. ही पद्धत ज्यानं उभी केली त्या आर. ए. फिशरचाच पाय इथं घसरला होता. १९१२ साली केंब्रिजला विद्यार्थी असताना, वय बावीसच्या आसपास, त्यानं पहिला लेख लिहिला आणि त्यात ह्याच कल्पनेला व्यस्त संभाव्यतेच्या भाषेत मांडलं, म्हणजे डेटावरून पॅरामीटरची (पीसारख्या न दिसणाऱ्या किमतीची) संभाव्यता, आपल्या पेठेतल्या पोरानं लिहिलं तसं. पुढं त्याला चूक कळली. १९२१ मध्ये त्यानं ह्या राशीसाठी लाइकलीहूड हा शब्द मुद्दाम वेगळा काढून वापरला आणि १९२२ च्या मोठ्या लेखात मॅक्सिमम लाइकलीहूड हे नाव देऊन, पूर्वी आपण व्यस्त संभाव्यतेचा आधार घेतला होता हा दोष आपला, असं छापील कबूल केलं. दहा वर्षं लागली फिशरला. तुझी इंटर्नल पुढच्या आठवड्यात आहे, तुला जरा घाई करावी लागेल.

त्याच्याही आधी डॅनियल बर्नुलीनं १७७८ मध्ये असाच विचार मांडला होता आणि गाउसनं १८०९ मध्ये चुका नॉर्मल वक्रानं पसरतात असं धरून लीस्ट स्क्वेअर्स काढलं. नॉर्मलच्या घनतेत वर्गाचं उणे चिन्ह घातांकात बसलेलं असतं, लॉग घेतला की ते खाली उतरतं, आणि लाइकलीहूड मोठं करायचं म्हणजे वर्गांची बेरीज लहान करायची एवढंच उरतं. रिग्रेशनमध्ये तुम्ही पोरं जे लीस्ट स्क्वेअर्स करता ते नॉर्मल चुका धरल्या तर एमएलईच आहे, कुणी सांगत नाही एवढंच.

आता एक गोष्ट कोल्हापूरकर म्हणून सांगतो, ती अभ्यासक्रमात नसेल. डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवून तुम्ही जे समीकरण सोडवता त्याला लाइकलीहूड इक्वेशन म्हणतात, आणि त्याला उत्तर एकच असेल अशी काही हमी नाही. कौशी वितरण घे, दूरदूरची दोन-चार निरीक्षणं घेतली की टेकडी एक राहत नाही, दोन-तीन होतात, आणि दोन टेकड्यांमधल्या दरीतही डेरिव्हेटिव्ह शून्यच असतं. मग ह्यातलं खरं कुठलं? क्रामेरनं १९४६ मध्ये दाखवलं की ठरावीक अटी पाळल्या तर एक तरी मूळ, म्हणजे समीकरणाचं उत्तर, असं असतं जे नमुना वाढवत नेल्यावर खऱ्या किमतीकडं जातं. पण असं मूळ एकच का, आणि तिथं माथाच असतो का, दरी नाही कशावरून? १९४८ मध्ये ह्याचं उत्तर दिलं वसंत शंकर हुजूरबाजार ह्यांनी. नमुना वाढत गेला की असं मूळ एकमेवच उरतं आणि तिथं माथाच असतो, असा तो निष्कर्ष. हुजूरबाजार आपल्या कोल्हापूरचे. पुढं पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला, केंब्रिजचं ॲडम्स प्राइझ मिळालं, १९७४ ला पद्मभूषण. पैलवान आणि चपलांच्या गावानं हे नाव विसरावं ह्याचं मला वाईट वाटतं. असो, म्हाताऱ्याची तक्रार.

पुण्यातला_कोल्हापूरकर:

मास्तर, हुजूरबाजार कोल्हापूरचे हे मला आज कळलं, आणि मी तर ह्याच विषयावर पोट भरतोय. लाज वाटली राव.

लॉगचं मी सांगतो कारण मी त्यात तोंडावर पडलोय. नोकरीच्या पहिल्या महिन्यात गुणाकार जसाच्या तसा कोडमध्ये लिहिला. दहा निरीक्षणांवर चालला, शंभरावर चालला, दीड हजारांवर घातला तर एल सगळीकडं शून्य, कुठलाही पी घाला, शून्य. दोन तास डोकं धरून बसलो. झालं असं की ०.५ ला ०.५ नं गुणत गुणत साधारण १०७५ वेळा गेलं की कॉम्प्युटरच्या नेहमीच्या डबल प्रिसिजन आकड्यात ते मावतच नाही, सरळ शून्य होतं. टेकडीच सपाट, माथा कुठनं शोधणार. लॉग घेतला की तोच आकडा उणे सातशे पंचेचाळीसच्या आसपास येतो, आरामात मावतो. आणि लॉग हे सतत वाढतं फंक्शन असल्यामुळं उंची बदलली तरी माथ्याची जागा हलत नाही. हातानं करणाऱ्यालापण फायदा, गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढण्यापेक्षा बेरजेचं सोपं. मिसळीचंच बघ, ७ भागिले पी वजा ३ भागिले (१ − पी) बरोबर शून्य, म्हणजे ७ − ७पी = ३पी, पी ०.७, संपलं.

एल १ च्या वर गेला ते तुझं चुकलं नाही. नॉर्मल कंटिन्युअस आहे, तिथं फॉर्म्युला संभाव्यता देत नाही, घनता देतो, म्हणजे त्या जागी संभाव्यता किती दाट आहे ते. गुळाच्या १० किलोच्या रव्यांचं वजन घे, सिग्मा, म्हणजे वजनांचा पसारा, समज ०.२ किलो, तर मध्यावर घनता जवळजवळ २ येते. तू किलोऐवजी ग्रॅममध्ये मोजलंस तर तीच घनता हजारपट खाली येईल, माथ्याची जागा मात्र त्याच रव्याच्या वजनावर. म्हणून एलच्या आकड्याकडं नुसतं बघून काही अर्थ लावायचा नाही, मास्तर म्हणाले तसं, तुलनाच.

गुळावर आलोच आहे तर अजून एक. पाच रवे वजन केले, ९.८, १०.१, १०.०, ९.७, १०.४. सरासरी बरोबर १०. फरकांच्या वर्गांची बेरीज ०.३०. एमएलई व्हेरिअन्ससाठी, म्हणजे सिग्माच्या वर्गासाठी, ५ नं भागायला सांगतो, ०.०६. पुस्तकात दुसरीकडं ४ नं भागून ०.०७५ येतं आणि पोरं गोंधळतात की आता कुठलं बरोबर. दोन्ही. एमएलई अनबायस्ड, म्हणजे सरासरीनं बरोबर खऱ्या किमतीवर पडणारा, असेलच असं त्यानं कधी कबूलच केलेलं नाही, थोड्या नमुन्यात तो व्हेरिअन्स जरा कमीच सांगतो, कारण सरासरी त्याच पाच रव्यांतनं काढलेली असते आणि ते पाच आपल्या सरासरीला खऱ्या म्यूपेक्षा, म्हणजे सगळ्या रव्यांच्या खऱ्या सरासरीपेक्षा, जवळच असतात. पेपरात "एमएलई लिहा" असेल तर एननं, म्हणजे निरीक्षणांच्या संख्येनं, भाग, हे विसरून माझे दोन मार्क गेलेले.

पण मला एमएलई खरा पटला तो बस स्टॉपवर. हे जरूर वाचा. कॉलेजला असताना बसची वाट किती बघावी लागते ते लिहून ठेवलेलं, ४ मिनिटं, ९, ६, ११, आणि एकदा २० मिनिटं थांबलो, बस आलीच नाही, वैतागून रिक्षा केली. आता सरासरी वाट किती? तो पाचवा दिवस सोडून दिला तर ३० भागिले ४, साडेसात मिनिटं. पण हे लबाडीचं झालं, सगळ्यात वाईट दिवसच काढून टाकला. बरं २० लाच वाट धरली तर ५० भागिले ५, दहा मिनिटं. हेपण खोटं, कारण बस विसाव्या मिनिटाला आली नव्हती, ती त्यानंतर कधीतरी येणार होती.

इथं लाइकलीहूडला फक्त खरं काय घडलं ते सांगायचं. चार दिवस "बस बरोबर इतक्या मिनिटाला आली" आणि एक दिवस "बस २० मिनिटांपर्यंत आली नाही". एक्स्पोनेन्शियल वितरण धरलं, सरासरी वाट थीटा मिनिटं, तर पहिल्या चारांची घनता घ्यायची आणि पाचव्याची "२० च्या पुढं जायची संभाव्यता" घ्यायची, सगळ्यांचा गुणाकार. लॉग घेतल्यावर उरतं उणे ४ लॉग थीटा वजा ५० भागिले थीटा. डेरिव्हेटिव्ह शून्य ठेव, थीटा येतो ५० भागिले ४, साडेबारा मिनिटं. एकूण थांबलेली मिनिटं भागिले खरोखर आलेल्या बस. बघ किती शहाणं उत्तर आहे, आणि मी काहीच अक्कल वापरली नाही, नुसतं जे घडलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. दवाखान्यातल्या औषधांच्या अभ्यासात पेशंट मध्येच यायचा बंद होतो, कारखान्यात बल्ब टेस्टिंग संपेपर्यंत जळतच राहतो, तिथं हेच करतात, सेन्सॉरिंग म्हणतात त्याला.

पाटबंधारेवाला:

वरच्या भावाच्या सेन्सॉरिंगवरनं आठवलं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, हे इथं शेंबड्या पोराला पाठ. पण आम्हाला विचारतात की पन्नास वर्षांतनं एकदा येणारा पूर किती फुटांचा धरायचा. दरवर्षीची सगळ्यात उंच पातळी घेऊन गंबेल वितरण (टोकाच्या किमतींसाठी वापरतात ते) बसवतो, त्यातले दोन पॅरामीटर एमएलईनं. तिथं समीकरण हातानं सुटत नाही, न्यूटन-रॅफसननं पायरी पायरीनं माथ्याकडं चढायचं. आणि २०१९ ला ५५ फुटांच्या वर, दोनच वर्षांनी २०२१ ला परत ५५ च्या वर, हे दोन आकडे घातले की आधीची सगळी गणितं हलली. एमएलई काय, दिलेल्या मॉडेलमधला सगळ्यात चांगला पॅरामीटर देईल, मॉडेलच जुनं झालं असेल तर ते त्याला कळत नाही. एवढंच सांगायचं होतं, ड्युटीवर आहे, पाऊस चालू आहे.

पेठेतला_पोरगा:

बरं माझं चुकलं, फिशरचं पण चुकलं होतं म्हणजे मी बऱ्या माणसात बसलोय. पण एक सांगा, माझ्यासमोर पहिल्या तिघांनी कट मागितला आणि मी तिथंच मोजायचं थांबवलं तर एमएलई १ येतो की. म्हणजे कोल्हापुरात कट न मागणारा माणूसच नाही? (तसं नसावंच म्हणा.)

कटवाला:

येतो, १ च येतो, आणि इथंच एमएलईचा मूर्खपणा दिसतो. थोड्या डेटावर तो लगेच टोकाला जाऊन बसतो. म्हणून नुसता माथा सांगून भागत नाही, टेकडी टोकदार आहे का पसरट तेपण बघायचं. दहांत सात असताना ०.६ ची उंची माथ्याच्या ८१ टक्के होती, म्हणजे ०.६ पण काही वाईट उमेदवार नव्हता. शंभरांत सत्तर झाले असते तर माथा तिथंच ०.७, पण ०.६ ची उंची माथ्याच्या ११-१२ टक्क्यांवर आली असती. टेकडीचा सुळका झाला. माथ्याशी वक्र किती जोरात वळतो त्यालाच फिशर इन्फर्मेशन म्हणतात, आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज साधारण किती इकडंतिकडं होईल ते, त्यावरनंच येते, दहा जणांना ०.१४५, शंभरांना ०.०४६. ताई, तुमच्या पेपरात क्रामेर-राव येतं ना, ते हेच, अनबायस्ड एस्टिमेटरचा, म्हणजे अंदाज काढायच्या सूत्राचा, व्हेरिअन्स ह्या इन्फर्मेशनच्या उलट्या संख्येखाली जाऊ शकत नाही. सी. आर. राव ह्यांचा तो लेख १९४५ चा, पुढं ते केंब्रिजला फिशरच्याच हाताखाली पीएचडी झाले.

रंकाळ्याकाठची:

बसचं वाचून मी खरंच उठून बसले. आता युनिफॉर्मचं राहिलंय तेवढं सांगा कुणीतरी, मग मी गप्प.

कटवाला:

ते तर सगळ्यात मजेशीर आहे. गणपती आलेत, वर्गणीच्या पावत्या घे. समज आपल्या भागातल्या चार घरांत एकाच मंडळाच्या पावत्या बघितल्यास, नंबर ४७, ११२, १९८ आणि २६०. मंडळानं एकूण किती पावत्या फाडल्या? १ पासून एनपर्यंत कुठलीही पावती तुझ्या नजरेला पडायची सारखीच संधी धर.

एन २५० असता तर २६० नंबरची पावती दिसायची संभाव्यता किती? शून्य. छापलीच नाही तर दिसेल कशी. म्हणजे २६० च्या खाली लाइकलीहूड सपाट शून्य. २६० ला एकदम उडी मारून वर, आणि तिथनं पुढं साधारण (१ भागिले एन)चा चौथा घात, एन वाढेल तसा खाली खाली. आता ही टेकडी कशी दिसते? गोल माथ्याची नाही, पन्हाळ्याच्या तटाखालच्या कड्यासारखी, एका बाजूनं सरळ तुटलेली आणि दुसऱ्या बाजूनं सोंड उतरत गेलेली. डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवायची युक्ती गोल माथ्यासाठी आहे, कारण गोल माथ्यावर क्षणभर सपाटी असते. कड्याच्या टोकाला सपाटी नाही, तिथं डेरिव्हेटिव्ह शोधायला गेलीस तर सापडणारच नाही. पण सगळ्यात उंच जागा कुठली हे डोळ्यानं दिसतंय की, टोकच. म्हणून सगळ्यात मोठं निरीक्षण, २६०. डेरिव्हेटिव्ह हे माथा शोधायचं एक हत्यार आहे, व्याख्या नाही, आणि क्लासेसमध्ये हत्यारालाच व्याख्या करून टाकलंय.

इथंपण एमएलई कमीच सांगतो, कारण शेवटचीच पावती तुला दिसावी हे फार क्वचित. सुधारणा अशी, सगळ्यात मोठा नंबर अधिक तोच नंबर भागिले नमुन्याची संख्या वजा १. २६० + ६५ − १, म्हणजे ३२४. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी जर्मन रणगाड्यांच्या सिरियल नंबरांवरनं महिन्याचं उत्पादन असंच काढलेलं. ऑगस्ट १९४२ चा ह्या पद्धतीचा अंदाज ३२७, हेरखात्याचा अंदाज १५५०, आणि युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत सापडले ३४२.

पेठेतला_पोरगा:

आरं तिच्या, हे आमच्याच मंडळाचे नंबर वाटायलेत. पुस्तकं तीन छापलीत, शंभर शंभरची. म्हणजे ३००, तुझा ३२४ वाला जवळ आला की.

रंकाळ्याकाठची:

थांबा, छापल्या ३०० पण फाडल्या किती? घरोघरी दिसतात त्या फाडलेल्याच ना, कोऱ्या पावत्या कुणाच्या घरात कशा दिसतील. मग एन म्हणजे फाडलेल्या.

पेठेतला_पोरगा:

खजिनदाराला फोन लावला. काल रात्रीपर्यंत २६३.

रंकाळ्याकाठची:

म्हणजे ह्या वेळी एमएलई ३ नं चुकला आणि सुधारलेला ६१ नं.

निवृत्त_मास्तर:

एका नमुन्यावरून एस्टिमेटरची जात ठरवायची नाही, बाळ. आणखी चार घरं बघ, मग आणखी चार, प्रत्येक वेळी दोन्ही काढ आणि दोघांची सरासरी कुठं पडते ते लिही. आणि कटवाल्यांनी नंबर मनानं घातले का खरे बघून, तेही विचार त्यांना.

कटवाला:

तीन मनानं, एक खरा. २६० आमच्या घरातली. ५०१ रुपये घेतलेत पेठेतल्या भावानं.

पेठेतला_पोरगा:

मग नमुना रँडम नाही झाला, शेवटच्या गल्लीत तुमचं घर आहे, तिथं आम्ही सगळ्यात शेवटी येतो. उद्या संध्याकाळी रंकाळ्याच्या बाजूला वळणार आहे, ताई घरी आहात ना?